पादप्रक्षालन : ख्रिस्ती नम्रतेची दोन हजार वर्षांची कसोटी

- विशेष प्रतिनिधी

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजेच पवित्र गुरुवारी, जगभरातील असंख्य चर्चमध्ये धर्मगुरू गुडघे टेकून भाविकांचे पाय धुतात. येशू ख्रिस्ताने आपल्या शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही स्मृती. ख्रिस्ती जीवनात नम्रतेला आणि ख्रिस्ताच्या पावलांवर पाऊल टाकून चालण्याला जे स्थान आहे, त्याचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणून या विधीकडे पाहिले जाते. मात्र पाय कोणी कोणाचे धुवायचे, या प्रश्नावर दोन हजार वर्षांत अनेकदा वाद झडले. त्या वादांचा इतिहास हा एका अर्थी ख्रिस्ती नम्रतेच्या अर्थाचाच इतिहास आहे.

त्या रात्री काय घडले?

बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांपैकी केवळ योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, पाय धुण्याचा प्रसंग येतो. उल्लेखनीय बाब म्हणजे मत्तय, मार्क आणि लूक यांनी शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस देण्याचा जो प्रसंग सांगितला आहे, तो योहानाने त्या जागी दिलेला नाही. त्याच्या कथनात त्या रात्रीचे केंद्र पाणी आणि पंचा हेच आहे.

भोजन सुरू असताना येशू उठतो, अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो, घंगाळात पाणी घेतो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पंचाने पुसू लागतो. पेत्राची पाळी येते तेव्हा तो संकोचतो आणि स्पष्ट नकार देतो. गुरूने आपले पाय धुवावेत, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. पाय धुऊ दिले नाहीत तर तुझा माझ्याशी संबंध उरणार नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाल्यावरच तो तयार होतो. काही वेळाने येशूला शत्रूंच्या हाती देण्यासाठी बाहेर पडणारा यहूदाही तेथे बसलेला असतो. त्याला वगळल्याचा उल्लेख योहान करीत नाही. शेवटी येशू पुन्हा वस्त्र परिधान करून बसतो आणि सांगतो, की गुरू आणि प्रभू असून मी हे केले, तेव्हा तुम्हीही एकमेकांसाठी हेच करावे. मी तुम्हाला कित्ता घालून दिला आहे.

या कृतीचा धक्का समजून घेण्यासाठी तत्कालीन रिवाज ध्यानात घ्यावा लागतो. पॅलेस्टाइनच्या धुळीच्या वाटांवर चपला घालून चालणाऱ्या माणसाचे पाय धुणे हे घरातील सर्वांत खालच्या दर्जाच्या सेवकाचे काम असे. हिब्रू गुलामालाही हे काम सांगू नये, असे मत ज्यू धर्मपंडितांच्या लिखाणात आढळते. शिष्याने गुरूची सर्व प्रकारची सेवा करावी, मात्र त्याच्या पायातील जोडा काढू नये, असे तालमूद ग्रंथात नमूद आहे. जे काम शिष्यानेही गुरूसाठी करू नये, ते येथे गुरू शिष्यांसाठी करीत होता.

मराठी वाचकाला पाय धुण्याची कृती अपरिचित नाही. दारी आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देणे, लग्नात वधूपित्याने वराचे पाय धुणे, शिष्याने गुरूची पाद्यपूजा करणे या प्रथा आपल्याकडे आहेत. या सर्व प्रसंगी पाणी घालणारा मानाने धाकटा आणि पाय पुढे करणारा मोठा असतो. दरिद्री सुदाम्याचे पाय धुणारा द्वारकाधीश श्रीकृष्ण हा या रीतीला अपवाद, आणि म्हणूनच ती कथा लोकमानसात घर करून राहिली. योहानाच्या कथनातही मान आणि सेवा यांची हीच उलटापालट आहे. फरक इतकाच, की येथे अपवादाचाच नियम करण्यात आला.

एका हिणकस शब्दाचे भाग्य

ग्रीक आणि रोमन समाजात नम्रता हा सद्गुण मानला जात नव्हता. धैर्य, न्याय, संयम आणि विवेक या गुणांचे गोडवे तेथे गायले जात. नम्रतेसाठी वापरला जाणारा ग्रीक शब्द मात्र बहुधा लाचारी, हलकेपणा, हीनपणा या अर्थाने येई. लॅटिन भाषेतील नम्रतावाचक शब्दाचे नाते तर थेट मातीशी आहे. जो जमिनीलगत आहे, तो नम्र.

या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात पौल या प्रेषिताचा मोठा वाटा आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास फिलिप्पै या शहरातील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्रात तो ख्रिस्ताविषयी एक स्तोत्ररूप उतारा देतो. देवस्वरूप असूनही त्याने तो अधिकार धरून ठेवला नाही, स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, असा त्याचा आशय. क्रूसावर चढविणे ही रोमन साम्राज्यात प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडून काढल्यावर सुमारे ६,००० गुलामांना रोमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर क्रूसावर खिळण्यात आले होते. अशी शिक्षा भोगलेल्या माणसाला प्रभू म्हणणाऱ्या समूहाला मोठेपणाची व्याख्याच बदलावी लागली.

पौलाच्या मांडणीतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे अधिकार आहे तो स्वेच्छेने खाली येतो, ही येथे नम्रता होय. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने अधिक वाकावे, असा त्या उताऱ्याचा रोख नाही. पुढील काळात हा बारकावा अनेकदा नजरेआड झाला आणि वादांचे मूळ तेथेच आहे.

मठाच्या स्वयंपाकघरातून राजवाड्यात

पाय धुण्याची प्रथा चर्चमध्ये लवकरच रुजली. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोस यांच्या चर्चमध्ये नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुतले जात. रोमच्या चर्चमध्ये ही पद्धत नाही, याची नोंदही त्यांनी केली आहे. स्पेनमधील टोलेडो येथे ६९४ साली भरलेल्या धर्मपरिषदेने पवित्र गुरुवारी हा विधी करणे धर्माधिकाऱ्यांस बंधनकारक केले. आज्ञा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून विधीला 'मान्दातुम' हे नाव पडले. इंग्रजीत या दिवसाला 'मॉन्डी थर्सडे' म्हणतात, तेही त्याच शब्दावरून.

रोजच्या जगण्यात ही कृती आणण्याचे श्रेय मठांना जाते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठ-नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या आहेत. तथापि, ही नियमावली केवळ उपदेश करून थांबत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात राबलेल्या बंधूने शनिवारी भांडी आणि पंचे स्वच्छ करावेत आणि आपली जागा घेणाऱ्या बंधूसह सर्वांचे पाय धुवावेत, असे ती सांगते. मठात आलेल्या पाहुण्यांचे पाय खुद्द मठाधिपतीने धुवावेत, असाही नियम आहे. फ्रान्समधील क्लूनी येथील प्रसिद्ध मठात मध्ययुगात दररोज तीन गरिबांचे पाय धुतले जात. तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी तर आपल्या संघाला 'धाकटे बंधू' अशा अर्थाचे नावच दिले.

मठांतून ही प्रथा राजदरबारात गेली. इंग्लंडचे राजे पवित्र गुरुवारी गरिबांचे पाय धुऊन दानधर्म करीत. राणी पहिली एलिझाबेथ ३९ वर्षांची असताना तिने ग्रिनिच येथे ३९ गरीब स्त्रियांचे पाय धुतल्याचे वर्णन उपलब्ध आहे. राणी येण्यापूर्वी धोबीखात्यातील सेवकांनी आणि दानखात्याच्या अधिकाऱ्यांनी ते पाय एकामागून एक आधीच धुऊन घेतले होते, असेही त्यात नमूद आहे. राणीच्या हाती आले ते स्वच्छ आणि सुगंधित पाय! सतराव्या शतकाच्या अखेरीनंतर पाय धुण्याचा भाग मागे पडला आणि दान तेवढे उरले. ब्रिटनचा राजा आजही आपल्या वयाच्या आकड्याइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली नाणी देतो. व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ दरवर्षी १२ वृद्धांचे पाय धुई. वर्षातून एक दिवस उलटापालट आणि उरलेले दिवस पूर्ववत, असे या सोहळ्यांचे स्वरूप झाले.

प्रोटेस्टंट पंथांपैकी काहींनी या विधीला दरबारी थाटातून बाहेर काढले. मेनोनाइट पंथीयांच्या १६३२ मधील डॉर्ड्रेक्ट श्रद्धापत्रात पाय धुण्याला स्वतंत्र कलम आहे. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथात प्रभुभोजनाच्या आधी सभासद जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. धुणारा थोड्याच वेळात स्वतः पाय पुढे करून बसतो, त्यामुळे दाता आणि याचक असा भेद राहत नाही.

अनुसरणाचे पुस्तक

ख्रिस्ताच्या पावलांवर चालणे, या कल्पनेला सर्वाधिक लोकप्रिय केले ते 'ख्रिस्तानुकरण' या ग्रंथाने. नेदरलँड्समधील झ्वोले शहराजवळच्या मठात राहणारे थॉमस ए केम्पिस यांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो लॅटिनमध्ये लिहिला. नम्रतेची व्याख्या करता येण्यापेक्षा ती अंगी बाणणे अधिक मोलाचे, हा या ग्रंथाचा गाभा. पांडित्याच्या अहंकारावर त्यात कठोर टीका आहे.

भारतात या ग्रंथाचे सर्वांत ख्यातनाम वाचक म्हणजे स्वामी विवेकानंद. परिव्राजक म्हणून देशभर भ्रमण करीत असताना त्यांच्याजवळ भगवद्गीता आणि हा ग्रंथ असे. १८८९ मध्ये त्यांनी त्याच्या काही प्रकरणांचा बंगाली अनुवादही प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. त्यातील दास्यभक्तीची आणि वैराग्याची भाषा त्यांना आपली वाटली होती.

महाराष्ट्रात अनुसरणाच्या या विचाराने दोन मोठी माणसे घडविली. विद्वत्तेबद्दल कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने आणि वैधव्याने उघड्यावर पडलेल्या स्त्रियांसोबत आयुष्य वेचले. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे, म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्यांच्या हातून पूर्ण झाले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली. ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांसाठी, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. पद आणि पगार खाली ठेवल्याशिवाय ख्रिस्ताच्या मागे जाता येणार नाही, अशी त्यांची धारणा झाली होती.

बारा जण कोण?

विसाव्या शतकात विधीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींत सुधारणा करून पाय धुण्याचा विधी सायंकाळच्या मिस्सामध्ये घेण्याची मुभा दिली. त्यामुळे मठांपुरता आणि मोठ्या चर्चपुरता राहिलेला हा विधी गावोगावच्या चर्चमध्ये पोहोचला. नियमात मात्र 'निवडलेले पुरुष' असा शब्दप्रयोग होता. येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, त्यामुळे पाय पुरुषांचेच धुवावेत, असे समर्थन केले जाई. हा केवळ सेवेचा कित्ता असेल, तर त्यातून निम्मा समाज का वगळावा, असा प्रतिप्रश्न होता. अनेक देशांत स्थानिक धर्मगुरू नियमाकडे काणाडोळा करून स्त्रियांचे पाय धुऊ लागले होते.

मार्च २०१३ मध्ये, निवडीनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, पोप फ्रान्सिस यांनी या वादाला वेगळे वळण दिले. भव्य चर्चऐवजी ते रोमच्या सीमेवरील कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. त्यांनी पाय धुतलेल्या १२ तरुणांत दोन मुली होत्या आणि मुस्लिमही होते. जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनने अधिकृतपणे नियम बदलला. स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी अशा सर्वांतून निवड करावी, असे नव्या आदेशात म्हटले आहे. त्याच वर्षी ब्रसेल्समधील दहशतवादी हल्ल्यांना दोन दिवस उलटत नाहीत तोच पोप निर्वासितांच्या छावणीत गेले आणि त्यांनी ख्रिस्ती, मुस्लिम व हिंदू व्यक्तींचे पाय धुतले. २०२४ मध्ये रेबिबिया येथील महिला तुरुंगात त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून १२ स्त्रियांचे पाय धुतले. १७ एप्रिल २०२५ रोजी आजारी अवस्थेतही ते रोममधील रेजिना चेली तुरुंगात गेले. या वेळी पाय धुणे शक्य नसल्याचे त्यांनी कैद्यांना सांगितले. चारच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

हा बदल सर्वत्र स्वीकारला गेला, असे नाही. लॅटिन विधीसाठी काढलेला आदेश पौर्वात्य विधीच्या चर्चना बंधनकारक नाही. केरळमधील सिरो-मलबार चर्चने २०१७ मध्ये आपल्या परंपरेचा दाखला देऊन पुरुष आणि मुलगे यांचेच पाय धुण्याची रीत कायम ठेवली. त्यावर चर्चच्या अंतर्गत टीकाही झाली.

पाणी, पश्चात्ताप आणि न्याय

पाय धुण्याने अन्यायाची भरपाई होते काय, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत अत्यंत तीव्रतेने उभा राहिला. वर्णद्वेषी राजवटीत कायदा व सुव्यवस्था मंत्री असलेले अॅड्रियान व्लोक ऑगस्ट २००६ मध्ये फ्रँक चिकाने यांच्या कार्यालयात गेले. चिकाने हे धर्मगुरू, वर्णद्वेषविरोधी लढ्यातील नेते आणि त्या वेळी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी. १९८९ मध्ये सुरक्षा दलाच्या पोलिसांनी त्यांच्या कपड्यांना विष लावून त्यांना ठार करण्याचा प्रयत्न केला होता. व्लोक यांनी क्षमा मागितली आणि चिकाने यांचे पाय धुतले.

या घटनेने देश ढवळून निघाला. काहींना त्यात खरा पश्चात्ताप दिसला, तर काहींनी तो देखावा ठरविला. संपूर्ण सत्य सांगितल्याशिवाय क्षमायाचनेला अर्थ नाही, असा आक्षेप होता. पुढील वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, व्लोक यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा वर्षांची स्थगित शिक्षा झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. बाहेरच्या जगाने पाय धुणे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. फ्रान्समध्ये १९६४ साली जाँ व्हानिए यांनी स्थापन केलेल्या 'लार्श' या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि इतर जण एकत्र राहतात. एकमेकांचे पाय धुणे हा तेथील जीवनाचा भाग आहे आणि व्हानिए यांनी या विधीचा जगभर प्रसार केला होता. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मार्गदर्शनासाठी आलेल्या स्त्रियांचे त्यांनी आध्यात्मिक अधिकाराचा गैरवापर करून लैंगिक शोषण केल्याचे २०२० मध्ये संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत उघड झाले. २०२३ मधील विस्तृत अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ असल्याचे नमूद आहे. नम्रतेची खूण अंगावर बाळगणारा माणूस नम्र असतोच, असे नाही, हा धडा या संस्थेला फार मोठी किंमत देऊन मिळाला.

नम्रतेचा उपदेश कोणाला?

नम्रतेच्या शिकवणुकीवर ख्रिस्ती विचारवंतांनीही कठोर प्रश्न उपस्थित केले आहेत. अमेरिकन अभ्यासिका व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात असे मांडले, की गर्व हे मुख्य पाप मानणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवातून आले आहे. स्वतःला सतत पुसून टाकायला शिकविलेल्या स्त्रीला आणखी नम्र होण्याचा उपदेश अपायकारक ठरतो.

भारतात हाच प्रश्न जातीच्या संदर्भात पुढे आला. मूळचे महाराष्ट्रातील धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरू येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानातून दलित धर्मशास्त्राची पायाभरणी केली. पिढ्यान्‌पिढ्या इतरांची घाण उपसणाऱ्यांना सेवेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही, देवच सेवकाचे काम अंगावर घेऊन त्यांच्या रांगेत येतो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. या दृष्टीने पाहिल्यास पाय धुण्याचा प्रसंग सेवकाला सेवक राहण्यास सांगत नाही. तो धन्याला धनीपण खाली ठेवण्यास सांगतो.

योहानाने सांगितलेल्या प्रसंगाशी हा अर्थ सुसंगत आहे. तेथे वाकतो तो गुरू आणि अवघडतो तो शिष्य. वसईच्या मराठी मिस्सामध्ये असो, केरळच्या पेसहा गुरुवारी असो वा रोमच्या तुरुंगात, हा विधी पाहताना त्यामुळेच दोन प्रश्न विचारावे लागतात. वाकणाऱ्याने आपला कोणता अधिकार खरोखर खाली ठेवला? आणि ज्याचे पाय धुतले, त्याला दुसऱ्या दिवशी त्याच चर्चमध्ये, त्याच कार्यालयात, त्याच घरात बसायला कोठे जागा मिळाली? पंचा वाळण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे देणे, हेच त्या कित्त्याचे अनुसरण होय.